द्वारकाबाईंची बाहेरची बैठक

१० फेब्रुवारी १९३७, बुधवार. साखरा.

हिंगोली स्टेशनावर उतरलो तेव्हा कोटावर अर्धा शेर धूळ होती आणि पोटात काहीच नव्हतं. पण मन प्रसन्न होतं आणि अजून आहे. उकंडरावांनी माझ्यासाठी दमणी पाठवली होती. गाडीवान सेवा हा जवळच्या तांड्यावरचा, भलताच बोलका माणूस. वाटेत दोन्ही बाजूंना हरभरा आणि पिवळी झालेली करडई. सेवानं एका शेतात गाडी थांबवून मला ओला हरभरा उपटून दिला आणि माझे हात धुवायचं नाटक बघून मनसोक्त हसला. हसू दे. मी स्वच्छतेच्या बाबतीत थोडा वेडाच आहे. माझा साबण, माझा पेला आणि माझा पंचा यांना दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही.

उकंडराव पन्नाशीचे, गावातले मोठे जमीनदार. घर नवं आहे, दगडी, चुन्यानं पांढरं केलेलं. चहा झाल्यावर त्यांनी सरळ कामालाच हात घातला. म्हणाले, आमची आई घरात राहत न्हाई, तिला भाईरच बरं वाटते. तवा परसात बारा महिने राहता येईल अशी जागा तिला करून द्या.

किती छान काम! पुण्यात बागकाम शिकल्यापासून मी साहेबलोकांच्या बंगल्यांभोवती हिरवळी लावत हिंडलो, पण एका आईसाठी बाहेरचं घर करायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यातले बाकीचे लोक कुठंही जातात, एक कारंजं आणि दोन अशोक काढून देतात आणि हात झटकतात. मी तसं करत नाही. माझे तेरा प्रश्न आहेत. कोण बसणार, कधी बसणार, किती वेळ, उन्हात की सावलीत, काय बघत, कशाचा वास आवडतो, कशाचा नाही. तेराही उत्तरं मिळेपर्यंत कागदावर रेघ ओढायची नाही. माणूस कळला की जागा आपोआप कळते, असं मी उकंडरावांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

११ फेब्रुवारी

परस पाहिलं. मागच्या दाराबाहेर पुरुषभर उंचीच्या भिंतीचं मोठं आवार आहे, रस्त्याच्या बाजूला फाटक. कोपऱ्यात एक जुना गोठा आहे, त्याचं छप्पर एका बाजूनं खचलंय आणि दाराला तरटाचा पडदा लावलाय. आई, म्हणजे द्वारकाबाई, सध्या त्याच गोठ्यात राहतात. मला नवल वाटलं आणि थोडा रागही आला. एवढं चुन्याचं घर बांधणाऱ्याला आईला गोठ्यात ठेवायला लाज वाटू नये?

मी त्यांना भेटतो म्हणालो तर उकंडरावांनी मान हलवली. आईला परकं माणूस समोर आलेलं चालत नाही. प्रश्न शकुबाई आत नेईल आणि उत्तरं आणेल. शकुबाई ही त्यांची दुसरी बायको, पंचविशीची असेल. रोज दुपारी बारा वाजता ती तरटाआड जाते आणि दिवेलागणीला बाहेर येते. सासूचे पाय चेपते. घरोघरी सुना चेपतातच, पण सहा सहा तास चेपणारी सून मी प्रथमच पाहिली.

पहिली उत्तरं आली. ऊन नको. वारा नको. बसणार समदा दिवस. आजारी म्हाताऱ्या माणसाला साजेशीच उत्तरं आहेत, वहीत उतरवून घेतली.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. तरट बाजूला झालं तेव्हा आतून वास आला. शिळ्या तेलाचा, आणि त्याखाली कधीच न वाळलेल्या केसांचा. मी खोलीत येऊन दोनदा नाक शिंकरलं. वास गेला नाही.

१३ फेब्रुवारी

आजची उत्तरं विचित्र आहेत.

बैठक जमिनीपासून किती उंच हवी? उंची नकोच. लांबी किती? शकुबाईनं सुतळी आणली होती, आत जाऊन मापून आणलेली. मी मोजली. चौदा हात. अंथरूण-पांघरूण धरून का, विचारलं. न्हाई, म्हणाली, नुसतं बसायला. खाली फरशी नको, गुडघाभर मऊ माती हवी आणि तिच्यावर रोज चार घागरी पाणी. मी शहाण्यासारखं सांगायला गेलो की ओलीनं म्हाताऱ्या माणसाचे सांधे धरतात. तर ती खाली बघत म्हणाली, तिला हाडाची तकलीफ न्हाई, साहेब.

जेवण काय घेतात, हेही विचारलं, कारण चूल जवळ ठेवायची तर धुराचा विचार करावा लागतो. चूल नको. रोज एक परात कच्चं पीठ, गुळाच्या पाण्यात कालवलेलं. ती परात परत येताना मी पाहिली. चाटूनपुसून लख्ख, आणि वर एक बुळबुळीत साय. शकुबाई ती राखेनं घासत होती आणि साय सुटत नव्हती.

रात्रीच्या जेवणात तिनंच भाकरी वाढली. भाकरीवर थापणाऱ्या बोटांचे ठसे असतात, मराठी माणसाला ते सांगायला नको. हिच्या भाकरीवर एकही ठसा नव्हता. मी तिच्या हातांकडे बघितलं. तळव्यांवर एकही रेषा नाही. नखं नाहीत. सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत, ओलसर हात. तिनं ते पदराखाली घेतले.

मी भाकरी खाऊ शकलो नाही. खिशात घातली आणि मागे जाऊन भिंतीवरून फेकली. त्या बाईच्या कष्टाची भाकरी फेकली याची शरम वाटते आहे, पण किळस शरमेहून मोठी निघाली.

१५ फेब्रुवारी

सेवा आणि त्याची बायको पारुबाई खणायला आले. गोठ्यापासून दहा पावलांवर जागा आखून दिली होती. हातभर खणल्यावर सेवा थांबला. मातीचा ढेकूळ हातात घेऊन त्यानं फोडला, वास घेतला आणि टाकून दिला. एक गांडूळ न्हाई, म्हणाला, एक मुंगी न्हाई. ही माती खाऊन झालेली हाये, साहेब.

मी त्याला हसलो. मग पारुबाईची कुदळ कशात तरी अडकली. मुळ्या असाव्यात असं समजून तिनं हातानं ओढलं. केस होते. पांढरे, हातभर, दोन हात, ओढावेत तितके येत राहिले, मातीखालून गोठ्याच्या दिशेनं गेलेले. मी वाकून बोट लावलं. ते कोमट होते.

तेवढ्यात तरटाआडून आवाज आला. अगदी मऊ, खानदानी आवाज. हळू गं बाई, दुखते ना.

मी तिथंच ओकलो. पारुबाई कुदळ टाकून गेली ती परत आली नाही. सेवा जाताना माझ्यापाशी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. आत्ता निघा, कनेरगाव नाक्यापर्यंत सोडतो, तिथून वाशिमकडं जाणारी मोटार भेटते, म्हणाला. पुन्हा पुन्हा विचारलं, काहून थांबता?

बारा वर्षांत एकही काम अर्धवट सोडलेलं नाही, हा माझा ताठा. मी नाही म्हणालो. साबणाची अर्धी वडी आज बोटांवर संपली.

१६ फेब्रुवारी

उकंडरावांना धरलं. खरं सांगा, नाहीतर मी निघालो. त्यांनी लपवाछपवी केली नाही, पीकपाणी सांगावं तसं सांगितलं.

आई अठरा वर्षांपूर्वी आजारी पडली. वैद्यानं आशा सोडली, पण ती गेली नाही. मऊ होत गेली आणि वाढत गेली. कोणी चेपत राहिलं तर शांत असते. एक दुपार जरी चुकली तर स्वतः घरात येते. पहिली बायको सुमनबाई एकदा तान्हं मूल घरी ठेवून, न सांगता एका दिवसासाठी माहेरी गेली होती. संध्याकाळी परत आली तर परसापासून पाळण्यापर्यंत जमीन ओली होती आणि पाळणा रिकामा होता. त्यानंतर सुमनबाई स्वतःहून तरटाआड जाऊन बसली, ती उठलीच नाही. कुठे आहेत त्या, मी विचारलं. उकंडराव म्हणाले, आईतच हाये ती आता.

शकुबाईची चार वर्षांची मुलगी म्हणूनच वसमतला मामाकडे ठेवली आहे. शकुबाईनं तिला पोटाशी धरलेलं नाही, दोन वर्षं झाली.

तुम्ही का चेपत नाही, असं मी ओरडलो. उकंडराव शांतपणे म्हणाले, आमी पोटचे. पोटच्यानं हात लावला की ती सोडत न्हाई. गोठा आता तिला पुरत न्हाई, साहेब. चांगली जागा भेटली तर ती तिथं रमंल, घराकडं वळणार न्हाई. म्हणून तुमाला बोलावलं.

हा माणूस मला ओंगळ वाटतो. आई वाटते त्याहूनही जास्त.

१८ फेब्रुवारी

काल दिवसभर वही उघडली नाही. आज उघडली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं वाटलं. तेरा प्रश्न, तेरा उत्तरं, आणि सगळी द्वारकाबाईंची! त्या जागेत रोज सहा तास आणखी एक जण बसते, तिला मी एक अक्षर विचारलं नाही. माणूस कळल्याशिवाय रेघ ओढत नाही म्हणे. कसला मी जाणकार.

सकाळी शकुबाईला ओट्यावर बसवलं आणि तेच तेरा प्रश्न तिला विचारले. ती आधी समजलीच नाही. तिला काय हवं, हे तिला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मग रडली. मग एकेक सांगू लागली. पाठ टेकायला काहीतरी. मांड्या चिखलात रुतू नयेत म्हणून गुडघाभर उंच दगड. हाताशी पाण्याचा तांब्या. उन्हाची एक तिरीप, नुसती पायावर पडंल एवढी. आणि बसल्या जागेवरून फाटक दिसलं पाहिजे. फाटक कशाला, विचारलं. वसमतची वाट तिकडून हाये, म्हणाली.

ही बाई इथून सुटली पाहिजे. सोडवता येत नसेल तर निदान तिची जागा नीट झाली पाहिजे. दुपारपर्यंत नकाशा पुरा केला. इतका चांगला नकाशा मी आजवर काढलेला नाही.

२४ फेब्रुवारी

काम संपलं. उकंडरावांचे गडी रोज सकाळी यायचे आणि बाराच्या आत पळायचे. चौदा हातांचा खळगा, तीन बाजूंनी भिंत, वर गवताचं छप्पर, छपराला नैऋत्येकडे एक फट. फटीखाली शकुबाईचा दगड.

मी दगडावर बसून सगळी दुपार घालवली; रिकाम्या जागेत बसून पाहिल्याशिवाय मी काम सुपूर्द करत नाही. पाठ नीट टेकते. तीन वाजता ऊन बरोबर पायावर येतं. फाटक दिसतं.

संध्याकाळी उकंडरावांनी सगळ्यांना घरात घालून दारं लावली. परसातून काहीतरी ओढल्याचा आवाज फार वेळ येत होता. ओल्या सतरंजीचा येतो तसा. मी कानांत बोटं घातली.

२५ फेब्रुवारी

वसमतहून निरोप. पोरीला गोवर आलाय, ताप उतरत नाही, आईचं नाव घेऊन राहिली.

शकुबाईनं काही मागितलं नाही. परात उचलली आणि निघाली. परातीच्या काठावर तिचे ते हात दिसले. तिची भाकरी फेकली होती ते मला आठवलं, आणि मी म्हणालो, तुम्ही जा. तुमच्या जागेवर मी बसतो.

आजची दुपार चेपून निघते, तीन दिसांत येते, म्हणाली. लेकराची आन घेतली. दिवेलागणीला सेवा दमणी घेऊन फाटकापर्यंत आला, माझ्याकडे न बघता तिला घेऊन गेला.

तीन दुपारी. माणूस तीन दुपारी काहीही सोसतो.

२६ फेब्रुवारी

बसलो.

पाहिलं.

लिहायचं ठरवलं होतं म्हणून लिहितो. पांढरं. तूप थिजतं तसा रंग. खळगाभर. वर केस. कातडीखालून काहीतरी सावकाश सरकतं. एका ठिकाणी बांगडीचा उंचवटा दिसतो, आतून. तोंड कुठे आहे ते कळलं नाही, पण आवाज जवळून येतो. म्हणाल्या, ये लेकरा, जागा लई चांगली केलीस, माझ्या मनातलं तुला बराबर कळालं.

पायांना हात लावला. पाय कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते सापडत नाही. चेपलं की बोटं आत जातात. बाहेर काढताना आवाज होतो.

संध्याकाळी अकरा वेळा हात धुतले. जेवलो नाही.

२७ फेब्रुवारी

आज कमी किळस आली. याचीच जास्त भीती वाटते.

त्या बोलत असतात. माझ्या आईचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही, तरी त्यांनी ते घेतलं. म्हणाल्या, शकु परकी, तू माझ्या मनातलं विचारलंस, तू पोटचा.

उजव्या तळव्यावरची आयुष्यरेषा दिसत नाही. मधली अर्धी. उद्याचा एक दिवस.

२८ फेब्रुवारी

तिसरी दुपार झाली. शकुबाई नाही.

दिवेलागणीला उठलो— उठायला गेलो. दगडाला मांडी चिकटली होती. जोर केला तर मागची कातडी— नको. परत बसलो. बसल्यावर दुखत नाही.

उकंडरावांना हाक मारली. आतून दाराला अडसर घातल्याचा आवाज आला.

१ मार्च

वही मांडीवर आहे. डाव्या हातानं लिहितो, उजवा कामात आहे. नखं काल गेली. दुखलं नाही, हेच ओंगळ.

सकाळी सेवा भिंतीवरून डोकावला. बघून मागे पडला. थोड्या वेळानं पुन्हा डोकावला, रडत होता. म्हणाला, शकुबाई हिंगोलीला उतरली हाये, निरोप आलाय, दुपारी आणायला निघतो, उद्या पोचतो. मी म्हणालो, आण. लवकर आण.

गडी पीठ परातीतून भिंतीवरून सोडतात. त्या खातात. मग थोडं माझ्या— गोड असतं.

मला भूक नसते तरी तोंडाला पाणी सुटतं. माझ्या नाही, त्यांच्या. आम्हाला कळतं ते एकमेकांचं. त्यांना काय हवं हे आता विचारावं लागत नाही.

२ मार्च

तीन वाजले. ऊन पायावर आहे. पाय कोणते—

गाडीचा आवाज.

फाटक दिसतं आहे. शकुबाई. शब्द पाळला बाईनं. आली.

कडेवर पोर आहे.

म्हणते आहे, भावानं ठेवून घेतलं न्हाई साहेब, माझे हात बघून त्यांच्या घरात घाबरले, दोघींना भाईर काढलं. लेकरू बरं हाये आता. उठा तुमी, मी बसते. तिला घेऊन जा पुण्याला, जगवा, एवढं करा.

व्हय म्हणतो. म्हणायला तोंड— उघडत नाही. बाई, थांबा तिथंच. पुढं येऊ नका. पोर खाली ठेवू नका—

ठेवली. मला ओढायला तिला दोन्ही हात मोकळे हवेत.

पोर आमच्याकडे येते आहे. घाबरत नाही. आवाज तिला गोड बोलावतो आहे. आवाज माझ्या गळ्यातून येतो आहे.

उजवा हात तिच्या पायाशी गेला. मी नेला नाही. मी नेला नाही, हे कोणी वाचलं तर—

पोर हसते आहे. गुदगुल्या होतात तिला. एवढेसे पाय. चेपतो आहे. शकुबाईला ओरडून सांगायलाच हवं, आत्ता, सांगतो, पण आधी एवढं थोडं—